मागच्या लग्नाच्या अक्षता

आमच्या आईच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आख्ख्या ताडकळसला माहीत आहे. अंगणवाडीत जन्म गेला तिचा. कुणाच्या सुनेला दिवस गेले हे त्या सुनेच्या सासूच्या आधी हिला कळायचं, आणि सासूला कळायच्या आत गावाला. माझे दहावीचे मार्क मी शाळेतून घरी पोचेपर्यंत पिठाच्या गिरणीवर पोचले होते. म्हणून परदेशात संशोधनाला लागल्यापासून मी एक नियम केला होता, झाल्याशिवाय तिला काही सांगायचं नाही. नियम चांगला होता. पण मागे एका हिवाळ्यात मी सुट्टीला आले, व्हिसाच्या शिक्क्यासाठी पासपोर्ट दिला आणि तो तिकडंच अडकून बसला. माझ्या प्रयोगाचा दिवस उजाडला तरी पासपोर्टचा पत्ता नाही. शेवटी तो प्रयोग मला आईच्या पुढच्या खोलीत बसून, लॅपटॉपवरून, तिच्या कानांच्या टप्प्यात करावा लागला.

प्रयोग काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. युरोपात जमिनीखाली एक लांबच लांब बोगदा आहे. त्यातून क्ष-किरणांच्या लेसरचे झोत येतात, अतिशय आखूड. सेकंदाचे हजार तुकडे करा, त्यातल्या एकाचे पुन्हा हजार, असं पाच वेळा करा. मग जे उरेल त्याला फेम्टोसेकंद म्हणतात, आणि आमचा एकेक झोत असल्या थोड्याशा फेम्टोसेकंदांचा. रेणूच्या आतल्या हालचाली ह्याच वेगानं होतात, म्हणून त्यांचा फोटो काढायचा तर झोतही तेवढाच आखूड लागतो. माझा रेणू हळदीतला होता, हळदीला पिवळं करणारा. हळदीचा डाग उन्हात टाकला की उडतो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मला पाहायचं होतं की उजेड लागल्याबरोबर, अगदी पहिल्या क्षणाला, त्या रेणूत काय होतं. माझं म्हणणं असं होतं की त्यातला एक हायड्रोजन एका ऑक्सिजनवरून शेजारच्या ऑक्सिजनवर उडी मारतो. ती उडी पकडायची. हळदीच्या द्रावणाची केसासारखी बारीक धार सोडायची, तिच्यावर आधी साध्या लेसरचा उजेड मारायचा आणि लगेच मागून क्ष-किरणांचा झोत. उजेडानं रेणू जागा होतो, क्ष-किरण त्याचा फोटो काढतो. दोन्हींमधलं अंतर थोडं थोडं बदलत गेलं की फोटोंची माळ तयार होते.

यंत्र एक आणि मागणारे जगभरचे. माझा अर्ज दोनदा परत आला होता, तिसऱ्या खेपेला मोजक्या शिफ्ट मिळाल्या. माझी नोकरी कंत्राटी, ती वर्षअखेर संपणार होती. आमच्या गटप्रमुख बाईंनी स्वच्छ सांगून टाकलं होतं की ह्यातून काही निघालं तर कंत्राट वाढवून घ्यायला त्या वर भांडतील, नाही निघालं तर भांडणार कशाच्या जोरावर? तेव्हा माझी इतक्या वर्षांची खटपट त्या दोन दिवसांवर टांगलेली होती, आणि मी तिथं नव्हते. बाकी सगळे तिकडं कंट्रोल रूममध्ये, आणि मी ताडकळसला, शेजारी तुरीच्या शेंगांची पाटी.

पहिल्या दिवशी शिफ्ट चालू झाली आणि इकडं लाइन गेली. इन्व्हर्टर होता, पण घरातला वायफाय मेला. मोबाइलच्या नेटवर्कचे दोन दांडे जिन्यात मिळत होते, म्हणून मी जिन्याच्या पायरीवर बसले. आई खालून दर पाच मिनिटांनी विचारायची, काय झालं, दिसलं का काही. मी खेकसले तिच्यावर. म्हटलं, आई, हे काय पिक्चर आहे का, लावला की दिसायला? पण ती गेली नाही. शेंगा सोलत जिन्याच्या तोंडाशीच बसून राहिली.

उन्हं कलली तसा पडद्यावरच्या आलेखाच्या सपाट रेघेत उंचवटा उमटला, म्हणजे हायड्रोजनच्या उडीची खूण. आधी वाटलं डोळ्यांचा भास. मग दर फेरीला तो वाढत गेला, ठसठशीत, कुणालाही दिसावा असा. तिकडं कंट्रोल रूममध्ये लोक खुर्च्यांवरून उठले. आणि मी, नियम करणारी मी, जिन्यातून ओरडले, "आई, दिसायलंय! दिसायलंय गं!"

झालं. मी पुन्हा पडद्यात डोकं घातलं आणि खाली शेंगांची पाटी तशीच ठेवून आई बाहेर पडली. तासाभरानं लाइन आली तेव्हा बसस्टँडजवळच्या हॉटेलातले सगळे पेढे संपलेले होते. गल्लीत, अंगणवाडीत, दवाखान्यात, गिरणीवर सगळीकडं वाटून झाले होते. बाजारात तुरी म्हणतात, ते हे. मी तिच्यावर चिडायला तोंड उघडलं, पण ती अशी काही उजळून आली होती की माझं तोंड आपोआप मिटलं. एक पेढा तिनं माझ्या तोंडात कोंबला. आणि तो गिळायच्या आत मी पुन्हा पडद्याकडं वळले, पहिल्यांदा धास्तावून.

कारण तो उंचवटा फार मोठा होता. आम्ही मांडलेल्या हिशेबाच्या कितीतरी पट मोठा. आमच्या कामात एवढी चांगली गोष्ट दिसली की आनंद नंतर करायचा, भ्यायचं आधी. मला एक शंका होती आणि ती साधी आहे. समजा, लग्नाचा फोटोग्राफर मंगलाष्टकं व्हायच्या आधीच फोटो काढून बसला. त्या फोटोत नवरा-नवरीच्या पायाशी अक्षता दिसायला नकोत, हो ना? आणि दिसल्याच, तर त्या ह्या लग्नाच्या नाहीत. कार्यालयात ह्यांच्या आधी एक लग्न होऊन गेलं आणि कुणी झाडून घेतलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या धारेत तसंच होऊ शकतं. एका झोतानं तापलेलं द्रावण पुढं सरकायच्या आत दुसरा झोत आला, तर फोटोत आधीचीच ऊब दिसते आणि आपण म्हणतो, हायड्रोजननं उडी मारली. ओळखायची युक्तीही सोपी. क्रम उलटा करायचा, क्ष-किरण आधी, उजेड मागून. उजेड लागलेलाच नाही तर काहीच दिसायला नको. सरळ रेघ यायला पाहिजे. दिसलंच काही, तर सगळं खोटं.

ही तपासणी आम्ही सुरुवातीला घाईत, ओझरती केली होती. नीट करायची तर शिफ्टमधला चांगला वेळ जाणार. मी बाईंना म्हणाले की उद्या आधी ते करू या. त्या म्हणाल्या, मिळालेला वेळ मोजायला वापरायचा असतो, घाबरायला नाही. दूर बसलं की माणसाला भुतं दिसतात, असंही म्हणाल्या. त्यांचं पूर्ण चूक नव्हतं. मी मुळात भित्रीच. गॅस बंद केला का बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणारी. म्हणून मी हट्ट धरला नाही, पण रात्री तेच आकडे पुन्हा पुन्हा काढून बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चहा देताना म्हणाली की सरपंच येऊन गेले, दुपारच्याला शाळेच्या मैदानावर माझा सत्कार ठेवलाय. मी कप खाली ठेवला. कशाचा सत्कार? तर शोध लावल्याचा. मी बाहेर येऊन बघते तर चौकात फ्लेक्स लागलेला. माझा फोटो कुणाच्या तरी लग्नातून कापून घेतलेला, खांद्यावर कुणाचा तरी अर्धा हात तसाच राहिलेला. खाली लिहिलेलं, आपल्या मातीतली शास्त्रज्ञ. तो पूर्णा गावातून इतक्या सकाळी छापून आणला कुणी, देव जाणे. मी तशीच आत वळले. आईला म्हटलं, रद्द कर. ती म्हणाली, मंडपवाला आला बी. आणि असं म्हणाली की जणू मंडपवाला आल्यावर देवालाही काही रद्द करता येत नाही.

त्यानंतर पलीकडच्या गल्लीतली एक मावशी आली. तिच्या नवऱ्याचे उपचार नांदेडला चालू आहेत, हे आईकडून माझ्या कानावर होतं. ती उंबऱ्याशीच उभी राहिली, आत या म्हटलं तरी येईना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "हळदीतून औषध निगालं म्हनत्यात. आमच्या मालकाला चालंल का ते?"

आईनं औषधाचं नावही काढलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. ते गावानं वाटेत घातलेलं. मी तिला सांगितलं की औषध नाही हो मावशी, हे नुसतं बघणं आहे, हळदीच्या आत काय होतं ते. डॉक्टर देतायत तेच चालू ठेवा. तिनं मान हलवली. "न्हाई, इचारलं आपलं," म्हणाली आणि गेली. राग नाही, रडणं नाही, काही नाही. माझ्या डोळ्यांसमोरून ती दिवसभर हलली नाही.

शिफ्ट चालू झाल्याबरोबर मी बाईंना सांगितलं की आधी उलटा क्रम, आणि पुरेसा वेळ देऊन. त्या चिडल्या. ह्यातून काही वाईट निघालं तर राहिलेल्या तासांत दुसरं काही उभं करता येणार नाही, तुझ्या कंत्राटाचं काय ते तूच बघ, असं त्यांनी सगळ्यांदेखत सुनावलं. मी म्हटलं, बघते. प्रयोग माझ्या नावावर होता, म्हणून त्यांना ऐकावं लागलं. तिकडं मोजणी सुरू झाली आणि इकडं आई दारात येऊन उभी राहिली, इस्तरीची साडी नेसून. म्हणाली, चल, माइकवाला बोलवायलाय.

मैदानावर खुर्च्या मांडलेल्या होत्या. शाळेची पोरं सतरंजीवर बसवली होती. सरपंच बोलले, मुख्याध्यापक बोलले, आणखी कुणी कुणी बोललं. ताडकळसचं नाव सातासमुद्रापार गेलं म्हणाले. मी मांडीवर फोन पालथा ठेवून बसले होते आणि तो थरथरला की उलटून बघत होते. एकदा काकाचा मेसेज. एकदा कंपनीची जाहिरात. सरपंचांनी खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, टाळ्या पडल्या, आणि तेवढ्यात पुन्हा फोन थरथरला. नारळ एका हातात सावरत मी वाचलं. बाईंचा होता. तुझं बरोबर निघालं, उलट्या क्रमातही तेच दिसतंय.

म्हणजे अक्षता मागच्या लग्नाच्याच होत्या.

माइक माझ्या हातात आला तेव्हा मला पळून जावंसं वाटत होतं, अगदी खरं सांगते. चार गोड शब्द बोलून, आभार मानून उतरले असते तर तिथं कुणाला काय कळणार होतं? पण तिसऱ्या रांगेत ती मावशी बसलेली होती.

मी म्हणाले, "काल मी दिसलं म्हणाले, ते खरं नव्हतं. आत्ताच तपासून झालं. आम्हाला अजून काहीही सापडलेलं नाही. औषध तर नाहीच नाही. ही शाल मला घेता येणार नाही."

मी शाल काढून घडी करायला लागले आणि सरपंच बिचारे ती घ्यावी की नको ह्या विचारात हात अर्धा पुढं करून उभे राहिले. मागं कुणीतरी हसलं. मग पहिल्या रांगेतून आई उठली. तिला कधी माइक लागलेला नाही.

"ठिव ती अंगावर," ती म्हणाली. "पेढे म्या वाटले, तिनं न्हाई. तिला म्या इचारलं बी न्हाई."

आणि ती खाली बसली. पदर सारखा केला, समोर बघत राहिली. तिचे कान लाल झालेले मला स्टेजवरून दिसत होते.

आम्ही दोघी घरी निघालो. चौकातल्या फ्लेक्सखालून जाताना मी मान खाली घातली, तिनं नाही. घराचं कुलूप काढता काढता तिनं एकदाचं तोंड उघडलं. म्हणाली, इतकी वर्सं झाली, जो तो इचारतो, तुमची पोरगी काय करती. ह्याचा पोरगा तलाठी, तिची पोरगी नर्स. मी काय सांगू? उजेड मारती म्हनून सांगू? काल पयल्यांदा सांगायला काही तरी गावलं होतं. हे म्हणून ती आत शिरली आणि लगेच चुलीकडं वळली. मला तिचा राग आला होता, सकाळपासून साठलेला. तो कुठं गेला कळलं नाही. खूप वाईट वाटलं मला. इतक्या वर्षांत मी तिला एक वाक्यही दिलं नव्हतं.

शिफ्टचे थोडे तास उरले होते. मी पुन्हा जिन्यात बसले. धार जास्त वेगानं सोडायची आणि झोतांची एक जोडी गेल्यावर पुढची जोडी जास्त वेळानं सोडायची, म्हणजे दर वेळी ताजं द्रावण समोर येईल, असं ठरलं. त्यात तोटा एवढाच की तेवढ्याच वेळात फोटो फार कमी निघणार. बाई आता चिडलेल्या नव्हत्या, थकलेल्या होत्या. आधी पुन्हा उलटा क्रम लावला. मी नखं खात बघत होते. फेरीमागून फेरी झाली आणि रेघ सरळ राहिली. सपाट. उन्हाळ्यातल्या दुधना नदीसारखी कोरडी. मी इतकी खूश झाले की पुन्हा ओरडलेच.

"आई, काहीच दिसंना गेलंय!"

खाली पावलं वाजली. आईनं घाईघाईनं रस्त्याकडचं दार लावून घेतलं, वर कडी घातली आणि जिन्याशी येऊन दबक्या आवाजात म्हणाली, हळू बोल की जरा. मला हसू आवरेना. तिला समजावून सांगितलं की आत्ता न दिसणं हेच पाहिजे होतं, आता क्रम सरळ करून बघायचं. तिला ते पटलं नसावं. पण ती माझ्या खालच्या पायरीवर बसली आणि त्यानंतर तिनं एकदाही विचारलं नाही. तिच्यासाठी हे किती अवघड असेल, मला माहीत आहे.

सरळ क्रमात एक बारीक उंचवटा आला. इतका बारीक की मान तिरकी केली तर नाहीसा व्हायचा. पण तो उजेडाच्या नंतरच येत होता, आधी नाही. आणखी फोटो मिळाले असते तर तो ठाम झाला असता, किंवा पुसून गेला असता. दोन्हीपैकी काही व्हायच्या आत वेळ संपला. तिकडं दुसऱ्या देशातला गट दारात येऊन उभा राहिला होता, त्यांची पाळी होती. आमचे लोक खोकी आवरायला लागले. कुणीतरी माझ्याकडं बघून हात हलवला आणि पडदा काळा झाला.

बाईंची मेल दोन-तीन दिवसांनी आली. सौम्य होती. हातात आलेलं खरं असावं असं त्यांनाही वाटत होतं, पण ते इतकं थोडं होतं की त्यावर छापता काही येणार नव्हतं. कंत्राट वाढणार नाही. यंत्रासाठी नव्यानं अर्ज करायला मी मोकळी आहे, त्या पाठिंबा देतील, पण पगाराची सोय मलाच दुसरीकडं बघावी लागेल. मी आईला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच, काही न लपवता. तिनं ऐकून घेतलं. मग पिशवी काढली, म्हणाली आज बाजार हाय, चल, नुसती बसून राहू नको.

आठवडी बाजारात मला कुणाच्या नजरेला नजर द्यायची नव्हती. मी तिच्या मागं मागं पिशवी धरून चालत होते आणि मनात एकच घोळत होतं. आता पुरे. चौथा अर्ज करायचा, पुन्हा वर्षभर वाट बघायची, पुन्हा जीव टांगणीला लावायचा, आणि तोवर खायचं काय? परभणीला एखाद्या कॉलेजात शिकवायला लागावं, आईजवळ राहावं. खरं म्हणजे मी तसं जवळजवळ ठरवलंच होतं.

मेथीच्या ढिगाशी एका बाईनं आईला अडवलं. ही पेढा खाल्लेल्यांपैकीच. माझ्याकडं न बघता, पण मला ऐकू जाईल अशा बेतानं तिनं विचारलं, "मंग, दिसलं का तुमच्या पोरीला?"

"न्हाई दिसलं," आई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच, पलीकडच्या मिरचीवाल्यापर्यंत जाणारा. "जरासं दिसल्यासारखं झालं आन् टाइम संपला. पुन्हा बघनार हाय ती. अर्ज करायलीय."

मी पिशवी धरून जागच्या जागी उभी राहिले. आईनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही, ती मेथीचा भाव करायला लागली होती. मिरचीवाल्यानं ऐकलं होतं, त्याच्या शेजारच्या कांदेवाल्यानं ऐकलं होतं, आणि संध्याकाळच्या आत गिरणीवर कळणार होतं. घरी आल्यावर मी तोंड धुतलं, लॅपटॉप उघडला आणि अर्ज लिहायला बसले.